दात आणि झांज

शीला, तू मला फसवलंस. सात वर्षं फसवलंस, आणि माझी बायको, म्हणजे तुझी सख्खी मोठी बहीण, त्यात तुला सामील होती. दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर मी त्याला सदर बाजारात दुकानाच्या पायरीवर उभं करून चार माणसांदेखत जाब विचारला असता. तू वेळ बरोबर साधलीस. मला कळलं तोवर तू निघून गेली होतीस.

तू गेलीस तेव्हा पुण्यानुमोदनाचा विधी घरापुरताच झाला. येत्या रविवारी विहाराच्या सभागृहात सगळ्यांना बोलावलं आहे. लोक तुझ्याबद्दल चांगलं बोलतील. नवीन राजधानीतल्या सरकारी ऑफिसातली तुझी माणसं येतील, तीही बोलतील. मला मात्र भांडायचं आहे. आपलं भांडण अर्धं राहिलं आहे आणि अर्धा सौदा सोडून उठायची मला सवय नाही.

माझा स्वभाव तुला माहीत होता. बाप रेल्वेत गँगमन. मी सोळाव्या वर्षी लग्नांत, जयंतीत भोंगे वाहायला लागलो आणि त्यातूनच स्पीकरचं दुकान उभं केलं. भांडवल म्हणून माझ्याजवळ एकच गोष्ट होती, कान. स्पीकरच्या कागदावर टिचकी मारून मी सांगायचो, की आतली कॉइल कंपनीची आहे की पुन्हा गुंडाळलेली. व्यापारी शपथा घ्यायचे, मी फक्त टिचकी मारायचो आणि भाव पाडायचो. तू पहिल्यांदा दुकानात आलीस ते तुझ्या ताईच्या आणि माझ्या लग्नानंतरच्या दिवाळीत. मी टिचकी मारताना पाहून म्हणालीस, "भाऊजी, तुम्ही टरबुजाचं दुकान काहून नाही काढलं?"

अ‍ॅपची कल्पना माझी होती, हे मी आजही सोडणार नाही. आपल्या लोकांच्या गायन मंडळांची रेकॉर्डिंगं साध्या मोबाइलवर ऐकताना पत्रा वाजवल्यासारखी वाटायची. मी म्हटलं, दुकानात मी अ‍ॅम्प्लिफायरची बटणं फिरवून आवाज बसवतो, तसं मोबाइलात बसवता आलं पाहिजे. तू म्हणालीस, येते. त्याला इक्वलायझर म्हणतात, मोबाइलात आधीपासूनच असतो, फक्त त्याला हाताळणारं काही तरी लिहावं लागेल. शनिवार-रविवार चौबे कॉलनीतल्या तुझ्या खोलीत बसून तू ते लिहिलंस.

पाच स्लायडर होते. तू त्यांना आकड्यांनी ओळखायचीस, मी म्हटलं आकडे कोणाला कळतात? डावीकडून मीच नावं ठेवली: ढोल, पोट, गळा, दात, झांज. दात म्हणजे ज्याच्यामुळे स आणि श ऐकू येतात तो. तू खूप हसलीस, पण नावं तीच ठेवलीस. पहिले दोन महिने एकाच भानगडीत गेले. एक गाणं संपून दुसरं लागलं की मोबाइल सगळं विसरायचा आणि पाचही स्लायडर मधोमध येऊन बसायचे. हेडफोन काढून घातला तरी तेच. मी चिडायचो, तू शांतपणे सांगायचीस, की मोबाइल प्रत्येक गाण्याला नवा माणूस समजतो, त्याला दर वेळी ओळख करून द्यावी लागते. शेवटी तू ते जमवलंस. कोणत्या हेडफोनवर कोणी काय लावलं होतं, हे अ‍ॅप लक्षात ठेवायला लागलं. हेडफोन लावला की स्लायडर आपोआप आपापल्या जागी सरकत. तेव्हा मला त्याची गंमत वाटायची. आता वाटत नाही, ते पुढे सांगतो.

मग तो दिवस आला. जयंतीच्या आदल्या संध्याकाळी विहाराच्या सभागृहात आपण अ‍ॅप लोकांना दाखवणार होतो. मोबाइल मोठ्या स्पीकरला जोडायचा आणि मंडळाचं एक गीत लावायचं. त्याच दिवशी सकाळी मी तुझ्याकडे बसून सेटिंग लावली. दात आणि झांज दोन्ही वरपर्यंत नेले. तू म्हणालीस, "हे जास्त होते, भाऊजी." मी म्हटलं, "कान माझा आहे." सेव्ह केलं आणि आलो.

सभागृहात गीत सुरू झालं आणि पहिल्याच ओळीला पुढच्या रांगेतल्या पोरांनी कानांवर हात ठेवले. मग बायकांनी ठेवले. एक म्हातारे गृहस्थ उठून बाहेर गेले. मला स्वतःला काहीच खटकत नव्हतं, उलट आवाज छान मोकळा वाटत होता. पण लोकांची तोंडं दिसत होती. मी माईक हातात घेतला आणि सगळ्यांसमोर विचारलं, की मी लावलेली सेटिंग कोणी बदलली? तू मोबाइलजवळ बसली होतीस. तुझ्या ऑफिसातल्या दोघी तुझ्या शेजारी होत्या. तू वर पाहिलंस आणि म्हणालीस, "हव. मीच बदलली."

मी काय काय बोललो ते तुला आठवत असेलच. सरकारी नोकरीत चूक केली तरी पगार मिळतो, बाजारात मिळत नाही, हे मीच बोललो. माईकवर बोललो. तू दोन स्लायडर खाली आणलेस, गीत पुन्हा लावलंस, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. खाली आणल्यावर मला ते मंद वाटलं, पण रागात माझं तिकडे लक्ष गेलं नाही.

ते मी सात वर्षं मनात धरलं. तुझ्याशी बोलत होतो, काम करत होतो, तुझ्या हातची भाकरी खात होतो. पण भांडण झालं की माझा हात त्याच खिशात जायचा. "तेव्हा सभागृहात कोणी बदललं होतं?" एवढं म्हटलं की तू गप्प व्हायचीस. मला वाटायचं, मी जिंकलो.

त्यानंतरच्या आठवड्यापासून तू एक नवीन रीत लावलीस. दर दोन-तीन महिन्यांनी एका रविवारी मला बोलवायचीस. खिडक्या बंद, पंखा बंद, शेजारच्यांचा कुकर होईपर्यंत थांबायचं. मोठे हेडफोन माझ्या कानांवर. म्हणायचीस, स्लायडर नीट चालतात का ते पाहायचं आहे, आवाज आला की बोट वर करा. मग बारीक बारीक सूर यायचे, कधी डावीकडून, कधी उजवीकडून. मी डोळे मिटून बोट वर करायचो. तू वहीत लिहायचीस. कधी कधी बराच वेळ काहीच यायचं नाही, आणि मी डोळे उघडायचो तर तू माझ्याकडे टक लावून पाहत असायचीस. मी विचारायचो, "काय झालं, बंद पडलं का?" तू म्हणायचीस, "हव, अडकलं थोडंसं."

दुसरी रीत म्हणजे, तू मला फोन करणं सोडलंस. फोनवर आपलं पटायचंच नाही. मी म्हणायचो, कुजबुजू नको, नीट बोल. तू ओरडायचीस, मग मी म्हणायचो, ओरडून काहून राहिली? शेवटी तू अ‍ॅपमध्ये एक कप्पा केलास, "घरचे" नावाचा. जे सांगायचं ते रेकॉर्ड करून त्यात टाकायचीस. ताईला शिकवलंस, बिलासपूरच्या माझ्या मुलीला शिकवलंस. मला वाटलं, तुला माझं तोंड पाहायचं नाही, की आवाजही समोरासमोर नको. मी ताईजवळ तसं बोललोही. पण एक गोष्ट कबूल करतो. त्या कप्प्यातलं सगळं मला काचेसारखं स्वच्छ ऐकू यायचं. नात पहिल्यांदा सशाची गोष्ट सांगायला लागली, ती मी त्यातच ऐकली. सगळे स सुटे सुटे. मी हेडफोन लावून ऐकायचो आणि दुकानातल्या लोकांना सांगायचो, असा असतो माझ्या अ‍ॅपचा आवाज.

शेवटचं भांडण तुझ्या आजारपणात झालं. दवाखान्यात तू पडूनही मोबाइलवर काही तरी लिहीत होतीस. म्हणालीस, अ‍ॅपमध्ये एक पान घालायचं आहे. ऐकणाऱ्याचा कान तपासायचा आणि त्याप्रमाणे स्लायडर आपोआप लावायचे, डाव्याला वेगळे, उजव्याला वेगळे. आपल्या लोकांनी रेल्वेत आणि कारखान्यांत जन्म काढले, अर्ध्यांचे कान गेले आहेत आणि कोणी सांगत नाही. मी म्हटलं, आपण गाणी ऐकवतो, दवाखाना चालवत नाही. माणसाला तू बहिरा झालास म्हटलं तर तो मोबाइल तुझ्या डोक्यात घालेल. तू उशीवरून माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "न सांगता बी करता येते, भाऊजी."

मी म्हटलं, म्हणजे लोकांना फसवायचं? आणि नेहमीप्रमाणे सभागृह काढलं. या वेळी तू गप्प बसली नाहीस. म्हणालीस, "कान दाखवून घ्या एकदा." नर्सनं मला बाहेर काढलं इतका माझा आवाज चढला. त्यानंतर मी आत आलो नाही. ताई रोज यायची, मी बाहेर स्कूटरवर बसून राहायचो. "घरचे" कप्प्यात तुझं एक रेकॉर्डिंग आलेलं दिसत होतं. मी ते उघडलं नाही. माफी मागितली असेल तर चार दिवस वाट पाहू दे, असं माझ्या मनात होतं. हे लिहायला लाज वाटते, पण सौद्यात मी असाच थांबतो. समोरचा आधी खाली उतरू दे.

तू गेलीस.

तुझी ऑफिसातली निधी अ‍ॅप सांभाळायला तयार झाली. दोन पोरं आणि नोकरी सांभाळून करते बिचारी. मी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं, अ‍ॅप जड झालं आहे, कामाचं नसेल ते सगळं काढून टाक. तिनं काढलं. नवीन अ‍ॅप माझ्या मोबाइलवर आलं, आणि मी हिंमत करून तुझं ते रेकॉर्डिंग उघडलं.

तुझा आवाज होता. शब्द नव्हते. स्पीकरच्या तोंडावर गोधडी टाकावी तसं काही तरी, वर-खाली होणारं, मधूनच हसल्यासारखं. मी स्लायडर फिरवले. पुन्हा लावलं, दहा वेळा लावलं. नातीची सशाची गोष्ट लावली, तिचेही सगळे स गेलेले. मी निधीला फोन करून ओरडलो, की तू आमच्या माणसाचा आवाज मारलास. तिनं स्वतःच्या मोबाइलवर ऐकलं आणि फार हळुवारपणे सांगितलं. फोनवर ते मला कळलंच नाही, म्हणून तिनं लिहून पाठवलं: "अंकल, रिकॉर्डिंग बिल्कुल साफ़ है। बुरा मत मानिए, एक बार कान दिखा लीजिए।"

तेच वाक्य. तू म्हटलंस तेव्हा मी दवाखाना डोक्यावर घेतला होता. या वेळी ताई उठली, पदर खोचला आणि मला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली.

काचेची एक लहानशी खोली असते, शीला. तुझ्या खोलीसारखीच बंद. मोठे हेडफोन. समोर एक बाई, हातात माझ्यासाठी एक बटण. आवाज आला की दाबायचं. पहिला सूर आला आणि मी बोट वर केलं. बाई म्हणाली, "काका, बटन दबाइए, उंगली नहीं।" दुसरा सूर आला, मी पुन्हा बोट वर केलं. तिसऱ्यांदा माझं बोट अर्ध्यावर थांबलं. ते सूर मला पाठ होते. कोणता डावीकडून येणार, मग किती वेळ शांतता, मग कोणता. मी डोळे उघडले. काचेपलीकडे ती बाई माझ्याकडे टक लावून पाहत होती, आणि मला तुझी वही दिसली.

बाहेर ताई बाकावर बसली होती. मी विचारलं, "तुले माहीत होतं?" ती म्हणाली, "सगळ्यांले माहीत होतं. तुमाले सोडून."

मग निधीला बोलावलं. तिनं काढून टाकलेल्यातून शोधून दाखवलं. फक्त एका मोबाइलसाठी, माझ्या मोबाइलसाठी, तू वेगळं लिहून ठेवलं होतंस. दिसणारे पाच स्लायडर मी कुठेही नेले, तरी त्यांच्याखाली न दिसणारे आणखी पाच, डाव्या कानाचे आणि उजव्या कानाचे निराळे. ढोल, पोट, गळा थोडे खाली. दात आणि झांज वर, डावीकडे जास्तच वर. दर दोन-तीन महिन्यांनी बदललेले, दर वेळी आणखी थोडे वर. नाव दिलं होतंस "भाऊजी". निधीला वाटलं, आपण दोघांनी तपासणीसाठी केलेला जुना कचरा आहे. मीच तिला कचरा काढायला सांगितलं होतं.

मी तिला आणखी एक शोधायला लावलं. कोणती सेटिंग केव्हा बदलली याची नोंद तू पहिल्यापासून ठेवत होतीस. निधीनं सभागृहाच्या दिवसाची नोंद उघडली, खालीवर पाहिली, आणि मोबाइल माझ्यासमोर धरून, माझ्याकडे तोंड करून, सावकाश म्हणाली, "अंकल, सुबह आपने जो सेव किया था, शाम को वही बजा। बीच में किसी ने कुछ नहीं बदला।"

तू हातसुद्धा लावला नव्हतास.

ताई सांगते, त्या दिवशी तू घरी जाऊन रडली नाहीस. चहा पीत तिला म्हणालीस, त्यांना ऐकू येत नाही हे चारचौघांत कळलं असतं तर ते दुकान बंद करून बसले असते, मले दोन शब्द बोलले तर माझं काय जाते? हे ताईचं म्हणणं. ते मी ऐकून घेतलं. पण दुसऱ्याच्या तोंडून आलेला भाव मी कधी मान्य केलेला नाही.

निधीनं तुझं लिहिलेलं परत घातलं. मी तिला सांगितलं, आता लपवू नको, दिसू दे. तेव्हापासून हेडफोन लावला की मला दिसतं. पाच स्लायडर मधोमध असतात. क्षणभर थांबतात. मग डावीकडचे तीन जरा खाली येतात आणि उजवीकडचे दोन वर चढू लागतात, सावकाश, कोणी बोटानं सरकवावेत तसे. मी मोबाइल टेबलावर ठेवून हात मागे घेतो. ते तरीही चढतात. ताईला ते पाहवत नाही, ती आत जाते. मी दिवसातून किती वेळा हेडफोन काढतो आणि घालतो, ते तुला सांगत नाही.

सात वर्षं मी जे काही नीट ऐकलं, ते तुझ्या हातातून आलं. नातीची गोष्ट, मंडळांची गीतं, दुकानात मी मिशीला पीळ देऊन ज्याची बढाई मारली तो स्वच्छ आवाज. मला वाटत होतं, कान माझा आहे. मी जन्मात कोणाचं फुकट घेतलं नाही, हे मी ज्याला त्याला सांगत फिरतो. तू मला न विचारता एवढं देऊन बसलीस आणि परत करायला जागा ठेवली नाहीस. याला फसवणूकच म्हणतात.

तुझं रेकॉर्डिंग आता ऐकू येतं. माफी नाहीच त्यात. तुझा दम लागलेला आवाज आहे, मागे कोणाची तरी ट्रॉली जाते आहे. "भाऊजी, शीला बोलून राहिली. राग गेला असन तर रविवारी या. नसन गेला तरी या. तुमचं चेकिंग राहिलं आहे, डावी बाजू मले पुन्हा पाहा लागते. आन येताना सदरमधून बेसनाची ठेठरी आणजा, इथलं खाऊन तोंडाची चव गेली." मग तू हसतेस. मला गोधडीमागून ऐकू आलं होतं ते हसणं.

त्या रविवारी मी दवाखान्याच्या फाटकाशी होतो. स्कूटरवर बसलो होतो. सदर बाजारातूनच आलो होतो.

डॉक्टरांनी मशीन लिहून दिलं आहे. आणलं आहे, घालतो. दुकानात लोक पाहतात, पाहू देत. पण डावा कान आणखी उतरत जाणार, असं डॉक्टर म्हणतात, आणि तुझे आकडे तिथेच थांबलेले आहेत. निधी म्हणते, नवीन चाचणी घेऊन बदलून देते. मी तिला हात लावू दिला नाही. तू सांगितलेलं पान मात्र करून घेतलं आहे. कोणालाही आपला कान घरबसल्या तपासता येईल. पहिल्या ओळीत मी लिहायला लावलं, की आवाज आला की बोट वर करा. निधी म्हणाली, अंकल, मोबाइल को उंगली नहीं दिखती. मी म्हटलं, राहू दे.

रविवारी सभागृहात मी माईक घेणार आहे. जिथून तुला बोललो होतो तिथूनच उभा राहून सांगणार आहे, की ती सेटिंग माझी होती, कान माझा गेला होता, आणि या बाईनं काहीही बदललं नव्हतं. त्या दिवशी ज्यांनी कानांवर हात ठेवले होते, त्यातले जेवढे येतील त्यांनी मला जाब विचारावा. तुझ्या ऑफिसातल्या त्या दोघींनी आधी विचारावा. मी खाली उतरणार नाही, माईक सोडणार नाही.

मी त्यांना उत्तर देईन. पण तुझी खुर्ची पहिल्या रांगेत, मोबाइलच्या शेजारी ठेवायला सांगितली आहे, कारण माझाही एक जाब बाकी आहे आणि तो तुलाच द्यावा लागेल. ताईचं ऐकलं, निधीचं ऐकलं, आता तुझ्या तोंडून पाहिजे. मी सगळ्यांसमोर विचारलं होतं, तू नाही म्हणायला मोकळी होतीस, खरं तुझ्या हातात होतं. सांग शीला, हव काहून म्हणालीस?